आईची खांदेरी

बाबा 'खांदेरी' नावाच्या पाणबुडीवर नोकरीला होते. ज्या बेटावरून ते नाव आलं, तिथे मात्र ते कधीच गेले नाहीत. ते वारल्यावर मी आईला थळहून होडीनं तिथे नेलं. मराठ्यांनी इंग्रजांच्या तोफांना तोंड देत हा किल्ला कसा बांधला, ते तिला सांगत होतो.

"ती पाणबुडी कुठंय रे आता?" आईनं मध्येच विचारलं.

"केव्हाच मोडीत काढली. आता त्याच नावाची नवी आहे."

"मग 'खांदेरीवर चाललो' म्हणून ते निघायचे, तेव्हा मी इतकी रागवायचे ती कोणावर?"

बेट, जुनी पाणबुडी, नवी पाणबुडी. आमच्या बाबांना कुठल्या खांदेरीनं नेलं, मलाही कळेना.

आईनं तापलेल्या तटावर तळवा टेकला, आणि चटका बसला तरी हात उचलला नाही.