साड्यांची सूटकेस

डांबरगोळ्यांचा वास आला की स्कारबरोच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. मी मुलीला ग्रीक पुराणातल्या एका वीराची गोष्ट सांगत होतो. युद्ध संपवून तो जहाजाने घरी निघाला आणि वादळांत भरकटत दहा वर्षांनी पोचला. "टेन इयर्स? सो लेट, बाबा!" मुलगी म्हणाली. बायको शेजारीच सूटकेसमधल्या साड्यांत गोळ्या ठेवत होती. "अगं, तो निदान निघाला तरी!" ती हसली. "तुझे बाबा दर हिवाळ्यात म्हणतात, पुढच्या वर्षी कायमचं पुण्याला जाऊ." मीही हसलो. पुढे मात्र लोकांना सांगत राहिलो, हिचाच इथून पाय निघत नाही. खरं तर कच खात होतो मी. तिची सूटकेस कायम भरलेली असायची. आता ती हयात नाही. गोळ्या मी बदलतो.