सरकीची पिशवी

शाळेत बकरी मी पाठवली नोयती, ती आपल्या पायानं गेलती.

माझी समीक्षा तिसरीत. वर्गात जरासा आवाज वाढला का तिचा जीव घाबरे, अन् कानावर हात ठेवून ती थेट घरी पळे. एकबी तास पुरा बसली नोयती. मी बाभुळगावचा ट्रॅक्टर मेकॅनिक. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो, पण पोरीचं काही समजे ना. लय वाईट वाटे.

दर मंगळवारी यवतमाळहून थेरपीवाल्या मॅडम शाळेत येत. मन थाऱ्यावर राहावं म्हणून लेकरांकडून खेळ अन् कामं करून घेत. त्या म्हणाल्या, "दादा, दोन किलो ज्वारी भरून एक पिशवी शिवा. मांडीवर वजन असलं की तिला धीर येईल."

घरी बायकोनं, रमानं, ज्वारी काढली.

"ज्वारीले किडे लागतात," मी म्हटलं. "सरकी भर."

"अवो, मॅडमनं ज्वारी सांगितली ना?"

"मॅडमले सरकीतलं काय समजते?" (कापसाच्या मुलखात जन्मलो, म्हणून सरकीतला तज्ज्ञ मी.)

दारातली आमची बकरी, लाली, सरकीसाठी जीव टाकते, हे काही तज्ज्ञाच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी समीक्षा पिशवी घेऊन निघाली. लालीले वास लागला, तिनं खुंटा उपटला अन् मागं लागली. लालीच्या मागं मी.

पोहोचलो तं लाली वर्गात, पोट्टे बाकांवर चढून ओरडून राह्यले.

"धरा तिले! दार लावा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

"दादा, हळू," मॅडम म्हणाल्या.

"हळू कायले? बकरी माझी हाय!"

तेवढ्यात लालीनं माझ्याकडं शिंगं वळवली अन् मीही बाकावर चढलो. बाक तिसरीचा, मी नव्वद किलोचा. बाक मोडला.

खाली पडल्या पडल्या मी समीक्षाले पाह्यलं. वाटलं, आता पळते. पण ती जागेवरच होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर लालीचं तोंड, अन् पोरगी तिच्या मानेवरून हात फिरवून राह्यली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. (फळी लागली होती, पण त्यानं नाही.)

"बाबा, ओरडू नका," ती म्हणाली. "लाली घाबरते. मोठा श्वास घ्या."

घंटा होईपर्यंत ती हलली नाही. मॅडमनं वहीत लिहिलं, 'समीक्षा पूर्ण तास बसली.' मंग माझ्याकडं पाहून विचारलं, "दादा, दर मंगळवारी याल का?"

मी खुश. "येतो ना. बकरी घेऊन?"

"नको, बकरी शांत आहे. तुम्ही एकटेच या."