नानांचा गणपती कार्टमध्ये बसेना

दोष कोणाचा ते आधीच सांगतो: नानांचा. पेणजवळच्या जोह्यातले गणपती कारखानदार, वय सत्तर, हट्ट त्याहून जुना. त्यांच्या कारखान्यात मी तीन महिने लॅपटॉप घेऊन बसलो. तिथले किस्से मातीसारखे, झटकले तरी कपड्यांना चिकटून घरी येतात.

मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला. पेणचे दोन दुकानदार म्हणाले होते, "नानांचं ऑनलाइन दुकान गणपतीआधी चालू करून दाखव, मग आमचं काम तुला."

*

रेडिमेड ऑनलाइन दुकान भाड्याने घ्यायचं, की स्वतः कोड लिहायचा? मी विचारात, तोवर नानांचे मेहुणे दत्ताभाऊ, कंपनीतून रिटायर आणि तेव्हापासून सगळ्यांचे सल्लागार, यांनी माळ्यावरची एक फळी पुसून ठेवली.

"सर्व्हर हितं ठेव. खाली ओल येते."

आणि हा माणूस मला अर्धशिक्षित म्हणतो!

*

मी रेडिमेड घेतलं. झटपट काम! मूर्तींचे फोटो टाकायला बसलो.

"नाना, हिचा स्टॉक किती?"

"एक."

"आणि हिचा?"

"एक."

"अहो, साचा तोच आहे ना!"

"साचा तोच हाय. डोळे मी आखलेत."

चिडून दोन्ही फोटो मोठे केले. एक बाप्पा हसू दाबत होता. दुसरा माझं ऐकून घेत होता. मी गुपचूप प्रत्येकीपुढे 'एक' टाकलं.

*

जुन्या गिऱ्हाइकांची यादी मागितली, तर नाना मला माळ्यावर घेऊन गेले. आमच्याकडे लोक घरचा पाट कारखान्यात देऊन जातात, मूर्ती त्यावर बसून घरी जाते. माळ्यावर पाटांची थप्पी, नाव एकावरही नाही, त्यात लाइट गेलेली. नाना अंधारात कडा चाचपत सांगत गेले, "हा रोह्याच्या मास्तरांचा, कोपरा उंदराने खाल्लाय. हा त्यांच्या भावाचा, वेगळे झाले तेव्हाचा."

मी मुद्दाम थप्पी उलटसुलट केली आणि पुन्हा विचारलं. एकही पाट चुकला नाही! मी लॅपटॉप मिटला.

*

दुकान चालू झालं. पहिली ऑर्डर ठाण्याची. खोका टेम्पोत चढला, तर नाना आडवे.

"पाट कुठाय?"

"ऑनलाइनला पाट नसतो, नाना!"

"मग घर कळणार कसं? इचार त्यांना, गणपती कुठं बसतो, दार कुठल्या अंगाला, घरात कोण कोण हाय. मग डोळे आखतो."

खोका उघडून त्यांनी तयार डोळ्यांवर पांढरा रंग फिरवला!

रेडिमेड दुकानात आधी घर विचारायची, मग मूर्ती पुरी करायची सोयच नव्हती. "तुमच्या हट्टापायी माझं वाटोळं होणार!" मी ओरडलो.

"व्हय," म्हणत नाना ब्रश धुवायला गेले.

*

रेडिमेड बंद केलं, कोड पहिल्यापासून लिहायला घेतला. तोवर आलेल्या ऑर्डरींचे प्रश्न मी फोनवर विचारत होतो. ठाण्याच्या बाईंनी सांगितलं, "घरात तिघं, गणपती हॉलमध्ये, दार समोर."

चतुर्थीला त्यांचाच फोन आला. मी स्पीकर लावला.

"नाना, सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. आतल्या खोलीत. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, लाज वाटली. पण बाप्पा दाराकडे बघतच नाही हो. आत बघतोय, त्यांच्या पलंगाकडे."

नाना म्हणाले, "बरं हाय ना त्यांना?"

मी कोड लिहिलेलं दुकान विसर्जनानंतर चालू झालं. पेणची दोन्ही कामं गेली.