विहिरीपाशी परतणारा राक्षस

आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या फाटकासमोर एक हारवाला बसतो. टोपलीला मोबाइल टेकवलेला, त्यावर भुलभुलैयाचा खेळ. एक हार गुंफून झाला की एक चाल, मग पुन्हा सुईदोरा.

खेळातला राक्षस विहीर आली की दोन घरं अलीकडूनच परत फिरायचा. का, ते खेळात कुठंच सांगितलेलं नव्हतं. हारवाल्यानं मला सांगितलं, "त्याचं लेकरू त्या विहिरीत गेलं असन, सर. तो काहून जाईन तिकडे?"

मागून दगड सरकवला की राक्षस विहिरीत पडणार आणि लेवल सुटणार, हे हारवाल्यालाही दिसत होतं. तरी महिनाभर तो दुसरी वाट शोधत होता.

मी कॉम्प्युटर शिकवतो. एक दिवस तो शेवंती ओवत असताना मी मोबाइल उचलला आणि दगड सरकवला.

"त्यात काही नसतं हो," मी म्हणालो, "नुसता प्रोग्राम असतो."

त्यानं मोबाइल पुन्हा टोपलीला टेकवला. माझा रोजचा हार नेहमीसारखाच बांधून दिला.

पुढच्या लेवलचा राक्षस भिंतीकडे तोंड करून उभा असतो. परवा मी मुद्दामच विचारलं, हा असा का उभा असेल?

सुईवरची नजर न काढता तो म्हणाला, "प्रोग्राम असन, सर."