भावासाठी उतरवलेलं वजन

धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा घरात फक्त माझाच रक्तगट त्याच्याशी जुळला. भावजय आधीच गेलेली, त्याची मुलगी कॉलेजात. मी लगेच हो म्हटलं. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "अम्मा, इतक्या वजनावर ऑपरेशन करता येणार नाही. पंधरा किलो उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू."

भाचीनं त्याच दिवशी माझ्या फोनवर व्यायामाचं ॲप टाकलं. स्वतःच्या फोनलाही जोडून घेतलं, म्हणजे मी किती चालले, काय खाल्लं, हे तिला दिलसुखनगरात तिच्या घरी बसल्या बसल्या दिसायचं. त्यातल्या खाण्याच्या यादीत बिर्याणी होती, इडली होती, अंबाडीची भाजी 'गोंगुरा' नावानं होती. जोंधळ्याची भाकरी मात्र नव्हती. मी रोज रोटी लिहायचे.

सकाळी काचीगुडा स्टेशनच्या रस्त्यानं चालायचं. मग ऑफिस. संध्याकाळी घरी आल्यावर ॲपमधली एक सडसडीत बाई हसत हसत उठाबशा काढायची आणि तिच्या मागोमाग मी, गुडघे धरून. पन्नाशीतलं शरीर ते. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, मग एका जागी अडलं. हलेचना. मी रात्रीचं जेवण सोडलं. ऑफिसात डोळ्यांपुढे अंधारी यायची, हिशेब दोनदा करावा लागायचा.

एकदा पावसात भिजून घरी आले आणि तशीच आडवी झाले. लगेच भाचीचा फोन.

"आत्या, आज वॉक नाही झाला?"

"दमले गं. आजच्या दिवस नक्को."

ती हळूच म्हणाली, "पप्पांना आज डायलिसिसमध्ये फार त्रास झाला."

मी उठले, ओल्या चपला परत पायात घातल्या. तिचा राग आला होता मला. पण एवढीशी पोर, बापाला हाताला धरून दवाखान्यात नेणारी. तिला काय बोलणार?

शेवटी वजन उतरलं. ॲपवर रंगीत फुलबाज्या उडाल्या. भाचीनं पुल्ला रेड्डीसारख्या नावाजलेल्या दुकानाची नव्हे, गल्लीतल्याच हलवायाची मिठाई आणली आणि मला फक्त दाखवली. दोघी खूप हसलो.

उरलेल्या मोठ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. माझ्या एका मूत्रपिंडाचं काम बरंच कमी होतं. "दुसरं काढून घेतलं तर तुम्हीच आजारी पडाल. तुम्हाला दोन्ही लागणार."

"मग हे पहिलेच का नाही बघितलं?" भाचीचा आवाज चढला.

"वजन उतरल्याशिवाय या तपासण्या करत नाहीत, बेटा."

घरी जाताना रिक्षात ती बाहेर तोंड करून रडत होती. मला रडूही येईना. नुसतं कुठंतरी पडून राहावंसं वाटत होतं.

भावाला मीच सांगितलं. तो खाटेवर बसला होता, हाताला पट्टी. ऐकून त्यानं डोळे मिटले.

"अक्का, खरं सांगू? बरं झालं."

"काय बोलतोस?"

"तू अशी वाळत चाललीस ना, बघवत नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर तुलाच काही झालं असतं तर मी काय केलं असतं? पण पोरीसमोर नको कसं म्हणू? ती आस लावून बसली होती."

इतके महिने तो आतल्या आत घाबरला होता आणि मी त्याच्यासाठी उपाशी. मला वाईट वाटलं, आणि हलकंही. हलकं वाटल्याची मात्र लाज वाटली. त्याला ते कळलं असावं. "जा, आत भात आहे," तो म्हणाला, "जेवून घे पहिले."

मी पोटभर जेवले.

आता त्याचं नाव सरकारी यादीत आहे. कुणा अनोळखी माणसाचं मूत्रपिंड मिळेल तेव्हा मिळेल. तोवर डायलिसिस चालू. आठवड्यातून एकदा मी सोबत जाते, म्हणजे भाचीला क्लास बुडवावा लागत नाही. वजन थोडं परत चढलंय. ती विचारत नाही, मीही सांगत नाही. परवा डायलिसिस संपवून मी आणि भाऊ दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो. मध्येच तो दम लागून थांबला. मीही थांबले. दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो, मागून येणाऱ्यांना वाट देत.