मागच्या बाकावरची माणसं

रंगबाईंना मुख्याध्यापिका केलं ते त्या निरुपद्रवी म्हणून. त्या खुर्चीवर डोळा असलेले गणिताचे सर आणि विज्ञानाचे सर एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. संस्थेच्या अध्यक्षांनी विचार केला, चित्रकलेची बाई आहे, सांगू तिथे सही करेल. शाळेत सगळे त्यांना रंगबाईच म्हणत; नखांच्या कडांना रंग कायम चिकटलेला. खुर्चीत बसल्यावरही तो गेला नाही आणि नावही गेलं नाही.

पहिल्याच सत्रात सहावीला गणित शिकवणारी नवी शिक्षिका नोकरी सोडून निघाली. तिचे डोळे सुजले होते. वर्ग तिला आवरत नव्हता, महिनोन्‌महिने ती रोज तोंडघशी पडत होती.

"अगं, कुणाला सांगायचंस तरी," रंगबाई म्हणाल्या.

"कुणाला सांगणार, बाई? इथे प्रत्येकजण आपलं दार लावून घेतो."

हे वाक्य रंगबाईंच्या मनातून जाईना. पुढच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं की आठवड्यातून एक तास प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. शेरे नाहीत, गुण नाहीत. बसायचं, बघायचं आणि नंतर चहा पिताना बोलायचं.

शिक्षकांच्या खोलीत एकच गलका झाला. गणिताच्या सरांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. त्या आवाजामुळेच पोरांनी त्यांना 'करवत' नाव ठेवलं होतं.

"आयुष्य गेलं फळ्यापुढे. आता या वयात माझी परीक्षा?"

"परीक्षा नाही, सर. आधी तुम्ही माझ्या वर्गात या."

"चित्रं बघायला?"

सगळे हसले. रंगबाई हसणं थांबेपर्यंत थांबल्या. "नाही. सहावीचं गणित रिकामं पडलंय, ते उद्यापासून मी घेतेय. अपूर्णांकांचा भागाकार."

घरी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या शर्टाला काजं करत होता. "तुला येतो का भागाकार?" त्याने विचारलं.

"करता येतो. शिकवता येतो का, ते उद्या कळेल."

"फजिती होईल हं."

"होऊ दे की. माझी झालेली बघितली तर त्यांची भीड तरी चेपेल."

दुसऱ्या दिवशी मागची बाकं शिक्षकांनी गच्च भरली. निम्मे तर मजा बघायलाच आले होते. रंगबाईंनी दोनला पावने भागलं, उत्तर आठ आलं. पहिल्या बाकावरच्या एका पोरीने हात वर केला.

"बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? मग दोनाचे आठ कसे झाले?"

रंगबाई खडू घेऊन वर्गाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मला नाही सांगता येत. मागे कुणाला येतंय?"

करवत सर ताडकन उठले. "उलटं करून गुणायचं. नियम आहे."

"पण का, सर?" त्या पोरीने विचारलं.

"पुढच्या वर्गात कळेल." ते बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात भूगोलाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मला तर अजून कळलेलं नाही." वर्ग हसला, शिक्षकही हसले, पण या वेळी हसण्यात डंख नव्हता. कुणीतरी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. दोन पट्ट्यांतून पाव-पाव पट्टीचे तुकडे किती निघतात ते पोरांनी मोजलं, विज्ञानाच्या सरांनीही मोजलं. घंटा झाली तरी मागचे उठेनात.

करवत सर मात्र तडक अध्यक्षांकडे गेले. संध्याकाळी रंगबाईंना बोलावणं आलं.

"जुन्या माणसांचा अपमान होतोय," अध्यक्ष म्हणाले. "हा खेळ बंद करा."

"अपमान माझा झाला, साहेब, आणि मला तो चालला."

"बाई, खुर्ची आम्ही दिलीय."

"मग काढून घ्या. पण दारं लावून घ्या, असा हुकूम माझ्या हातून निघायचा नाही."

इतकं बोलून त्या घरी आल्या. भाजी चिरताना सुरी दोनदा निसटली. तरी सकाळी त्या नेहमीसारख्या शाळेत गेल्या आणि भूगोलाच्या तासाला मागे जाऊन बसल्या.

वर्ष संपलं तशी खुर्ची खरंच गेली. करवत सर मुख्याध्यापक झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ज्याने त्याने आपल्या वर्गापुरतं बघावं. कुणी वाद घातला नाही. सोमवारी विज्ञानाचे सर इतिहासाच्या तासाला जाऊन बसले. त्याच दिवशी भूगोलाच्या बाईंनी नव्याने आलेल्या शिक्षिकेला दंडाला धरून आपल्या वर्गात नेलं, आणि दुसऱ्या तासाला स्वतः तिच्या वर्गात जाऊन बसल्या. करवत सर व्हरांड्यातून फेऱ्या मारत राहिले. सगळ्यांना एकदम घरी बसवणं काही त्यांना जमणार नव्हतं.

अध्यक्षांनी चित्रकलेच्या खोलीत येऊन विचारलं, "तुम्हीच फूस लावताय ना यांना?"

रंगबाई मडक्यातल्या पाण्यात कुंचले धूत होत्या. "मी आता नुसती चित्रकला शिकवते, साहेब. चौथा तास माझाच आहे. बसायचं तर बसा मागे."

अध्यक्ष बसले नाहीत. नवी शिक्षिका मात्र आली, बाक ओढून बसली, आणि तिच्यामागोमाग आणखी दोघं.