मिस्वाक हळू घासायची असते

नवी नवरी होते, अक्कलदाढ यायची होती. मिस्वाकची काडी मी दातांवर तवा घासल्यासारखी चालवली. हिरड्यांतून रक्त आलं, तशी बीदरच्या मशिदीपुढं बसणाऱ्या काडीवाल्यावर जाऊन ओरडले, "विष विकायलास!" दोन गिऱ्हाइकं हातातल्या काड्या ठेवून निघून गेली.

तो भांडला नाही. नेहमीसारखी दाढी कुरवाळत म्हणाला, "अक्का, अरबीत मिस्वाक ह्या शब्दाचं मूळ म्हंजे घासणं. अशक्त शेळ्या डुलत चालत्यात, त्यालाबी हेच मूळ. तेवढं हळू घासा." मग नव्या काडीचं टोक सोलून, भिजवून हातात दिलं.

आज नातवंडांपुढं मी दातांनी सुपारी फोडते, ती त्याच्यामुळं. हिरड्या बऱ्या झाल्यावर मी हळूच माफी मागायला गेले, तर म्हणाला, "हळू कामून मागायलाव? त्या दिशी वरडलाव तेवढ्याच जोरात मागा की, गिऱ्हाईक ऐकायलंय!"